पत्रिकेवर धीरज छापायचं की धोंडीराम?

या वेळचं पत्र हिंजवडीहून आलंय, थोडं छाटून देते.

"काकू, मी २८ वर्षांचा, आयटीत आहे, गाव बीड जिल्ह्यात. माझं नाव धोंडीराम. गावच्या शाळेत काही वाटलं नाही कारण वर्गात एक कचरू पण होता आणि एक दगडू, पण इंजिनिअरिंगला पुण्यात आलो तेव्हापासून कुणी नाव विचारलं की पोटात गोळा येतो. ऑफिसात डी. आर. म्हणतात, क्लायंट तर डॉन म्हणतो. दिवाळीनंतर लग्न आहे. मुलीचे मामा म्हणाले पत्रिकेवर धीरज छापा, आमच्याकडचे पाहुणे हसतील, नंतर गॅझेट करून टाका. मी हे सांगायला मुद्दाम गावी गेलो. वडील जेवत होते, काही बोलले नाहीत, ताटात हात धुतला आणि उठून गेले, अर्धी भाकरी तशीच. आई एवढंच म्हणाली, तुझ्या आधीचे दोघं राहिले नाहीत, तुला काय कळायचं. मला वाईट वाटलं पण रागही आला, नाव माझं आहे आणि हसं पण माझंच होतं. असलं नाव येतं कुठून, आता कुणी ठेवतं का, आणि मी बदलू का नको? तुमचा, धों."

धोंडीराम, मी अरेतुरे करते हं, माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे. तुझे प्रश्न तीन आहेत पण पत्र वाचून झाल्यावर माझ्या डोळ्यासमोर राहिली ती अर्धी भाकरी. शेतकरी माणूस अन्न टाकून उठत नाही रे, पाऊस नाही पडला तरी नाही उठत. तेव्हा वडील चिडले असं जे तू धरून चाललायस ते मला काही पटत नाही, पण त्यावर नंतर येते.

आधी मी कोण ते सांगते म्हणजे तुला कळेल की हे नुसतं पुस्तकातलं बोलणं नाहीये. सदर लिहायला लागायच्या आधी मी १९ वर्षं एका नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर होते. लाल कापडी पाठीची मोठी रजिस्टरं, आणि त्यात नावाच्या रकान्यात काय काय यायचं म्हणून सांगू. दगडू, धोंडू, केरू, भिकू, नथू. विदर्भातून बदलून आलेले एक साहेब होते ते म्हणायचे आमच्याकडे उकंडा पण असतो, म्हणजे उकिरडा. मी तेव्हा २३ वर्षांची, नवीन नवीन, मला हसू यायचं. ते हसू कुठल्या दिवशी थांबलं ते मला पक्कं आठवतंय.

१९८७ साल होतं. एक बाई आली, कडेवर महिना-दीड महिन्याचं बाळ, कपाळावर गालावर तळपायावर सगळीकडे काजळाचे ठिपके, आणि अंगात कुणाच्या तरी दुसऱ्याच पोराचं विटलेलं झबलं. बाकी रकाने भरले आणि नाव काय लिहू म्हणून विचारलं तर तिने आधी मागे वळून दरवाज्याकडे बघितलं, मग टेबलावर वाकली आणि कानात सांगतात तसं म्हणाली, "दगडू लिवा. मोठ्यानं वाचू नगा." मग आपणच सांगितलं, आधीचे तीन गेले होते, त्यातला एक तर बाराव्या दिवशी. म्हणून हा झाल्या झाल्या सुपात घालून शेजारणीच्या दारात ठेवला, शेजारणीने उचलून घेतला, आणि मग हिने तो तिच्याकडून सव्वा रुपयाला विकत घेतला. म्हणजे पोर आपलं नाहीच, विकत आणलंय, आणि तेही काय, तर दगड. मी विचारलं, अहो पण फसवताय कुणाला? तर म्हणाली, "सटवाईला."

पाचवीला पाटा-वरवंटा पुजतात, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते, हे तुझ्या घरी पण केलं असणार. तर ती आली आणि तिने विचारलं की हे काय आहे, तर सांगायचं, काही नाही गं, धोंडा आहे. केर आहे. भीक मागून आणलेलं आहे. नथू असेल तर मुलाचं नाक टोचून त्यात नथ घालायची, म्हणजे तिला वाटावं मुलगी आहे. एकूण काय तर इथे नेण्यासारखं काही नाही, पुढचं घर बघ. दृष्ट काढतो तसंच, फक्त मीठमोहऱ्या संध्याकाळपुरत्या असतात आणि हे जन्मभर चिकटतं.

आणि हे काही आपलंच खेडवळपण आहे असं वाटत असेल तर ते पण डोक्यातून काढ. बंगालात तीनकोडी, पाचकोडी अशी नावं आहेत, म्हणजे तीन कवड्यांना नाहीतर पाच कवड्यांना विकत घेतलेला. हिंदी मुलखात घुरहू म्हणजे उकिरड्यावरचा, घसीटा म्हणजे फरफटत आणलेला. तेलुगूत पेंटय्या, त्यातला पेंट म्हणजे उकिरडाच. आणि तुझ्या धंद्यातलं उदाहरण देते, गूगलच्या सुंदर पिचाईंच्या नावात जो पिच्चै आहे ना तो तमिळमध्ये भिक्षा. आपला भिकाजीच तो. त्यांना कुणी डॉन म्हणतं का बघ.

आता नाव. धोंडा म्हणजे न घडवलेला दगड, हे तुला मी सांगायला नको. पण गंमत बघ, नाव एकच आणि शेपटावरून घर ओळखायचं. कोकणातल्या नाहीतर देशावरच्या ब्राह्मणांकडे, कुलकर्ण्यांकडे त्याचा धोंडो व्हायचा, धोंडोपंत व्हायचा. शेतकऱ्याकडे धोंडीबा. घोड्यावर बसणारा असला तर धोंडजी. बाईमाणूस असेल तर धोंडाबाई, धोंडूबाई, आणि तुझ्यासारखा धोंडीराम, म्हणजे अर्धं नाव सटवाईला फसवायला आणि अर्धं देवाचं, हातचं राखून. मला तर हे फार हुशार नाव वाटतं, दोन्हीकडचा बंदोबस्त. आणि धोंडा म्हणजे टाकाऊ हे तरी कुठे खरंय, गावोगावचे तांदळे बघ, ना नाक ना डोळे, नुसता धोंडा, त्याला शेंदूर फासला की तीच गावाची रखवालदार.

दुसरा एक रस्ता आहे, तो पण तपासून घे. अधिक महिन्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो, जावयाला अनारसे आणि पुरणाचे धोंडे घालायचा. त्या महिन्यात झालेल्या पोराला पण धोंडू म्हणायची रीत आहे, तिथे आधीचं कुणी गेलेलं असायलाच हवं असं नाही. तुझ्या वयाच्या आसपास १९९६ ला अधिक आषाढ होता, साधारण मध्य जून ते मध्य जुलै, आणि १९९९ ला अधिक ज्येष्ठ, मध्य मे ते मध्य जून. जन्मतारीख त्यात बसते का बघ. आणि तुझ्या कागदावर १ जून असेल तर सोडून दे, ती तारीख तुझी नाही, शाळेत नाव घालणाऱ्या मास्तरांची आहे, अर्धा महाराष्ट्र १ जूनला जन्मलाय. आईच्या बोलण्यावरून मला तरी तुझं नाव पहिल्या रस्त्याचं दिसतंय, पण विचार.

तिसरं म्हणजे धुंडिराज. हा दगड नव्हे, हा काशीचा गणपती, विश्वनाथाच्या शेजारचा, त्याचं मूळ संस्कृतात आहे आणि अर्थ धुंडाळण्याशी, शोधण्याशी जोडतात. दादासाहेब फाळक्यांचं नाव धुंडिराज गोविंद. आमच्या रजिस्टरात घाईघाईत एकाचं दुसरं झालेली नावं मी डोळ्यांनी बघितलीयत, तेव्हा कुणी तुला सल्ला देईल की लोकांना सांग, माझं मूळ नाव धुंडिराज आहे, गणपतीचं आहे. नको रे असलं काही करूस. ते सांगताना तुलाच आत कुठेतरी खोटं लागेल, आणि तुझं नाव काही त्याच्यापेक्षा कमी खानदानी नाहीये.

कारण आता ऐक धोंडोंची यादी, यादी म्हणजे आठवतील तसे. कोथरूडला जाताना ज्या रस्त्यावर तू ट्रॅफिकला शिव्या देतोस तो कर्वे रोड, ते महर्षी कर्वे म्हणजे धोंडो केशव, १८५८ चा जन्म, १९१६ ला बायकांचं विद्यापीठ काढलं आणि १९५८ ला वयाच्या शंभराव्या वर्षी भारतरत्न. भारतरत्नाच्या यादीत धोंडो आहे, मामांना सांग. १८५७ चे नानासाहेब पेशवे, त्यांचं नाव धोंडोपंत. धोंडजी वाघ तर विलक्षण माणूस, टिपू पडल्यावर श्रीरंगपट्टणच्या तुरुंगातून सुटला, फौज जमवली, आणि ज्या वेलिंग्टनने पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं तो १८०० साली आपल्या या धोंडजीच्या मागे नद्या-नाले तुडवत फिरत होता, सप्टेंबरात कुठे धोंडजी लढाईत पडला. गाण्यात धोंडूताई कुलकर्णी, जयपूर-अत्रौली घराण्याच्या, केसरबाईंच्या शिष्या, २०१४ ला गेल्या. चुलतभावंडांपैकी केरू घे, केरूनाना छत्रे, मोठे गणिती, टिळक त्यांच्या हाताखाली शिकले. आणि दगडू? पुण्यात ज्या गणपतीपुढे चपला सांभाळत लोक तासन् तास उभे असतात तो कुणाचा रे, दगडूशेठचाच ना. तिथे कुणी हसत नाही, दगडूशेठ म्हणताना हात जोडतात.

पण खरी मजा तू स्वतःच करून बसलायस, तुझ्या लक्षात आली नाही. पत्राखाली सही केलीस "धों." म्हणून. हे धों. कुठे कुठे आहे माहितेय? र. धों. कर्वे, म्हणजे रघुनाथ धोंडो, महर्षींचा मुलगा, ज्याने १९२७ पासून मरेपर्यंत एकट्याच्या हिमतीवर संततिनियमनावर मासिक चालवलं. ना. धों. महानोर, नामदेव धोंडो, अजिंठ्याजवळच्या पळसखेडचे, शेतकरी आणि कवी. अख्ख्या महाराष्ट्राने हे धों. शाळेत धड्याच्या नाहीतर कवितेच्या खाली वाचलंय, आणि वाचताना कुणाला धोंडा दिसला नाही. नाव असं मधल्या अक्षरात जाऊन बसलं, आणि तसंच संपत चाललंय, कारण मधलं अक्षर म्हणजे बापाचं, आणि पुढच्या पिढीत पहिल्या नावाला ते कुणी घेतलं नाही.

का घेतलं नाही, हा तुझा दुसरा प्रश्न. लोक म्हणतात शिक्षण आलं, टीव्ही आला, फॅशन बदलली. असेल थोडं. पण मी टेबलावर बसून जे बघितलं ते वेगळं आहे. माझ्या डाव्या हाताला जन्माचं रजिस्टर आणि उजव्या हाताला मृत्यूचं, आणि जसजसं उजव्या हाताच्या रजिस्टरातलं "वय : १२ दिवस", "वय : ४ महिने" असलं कमी होत गेलं तसतसं डाव्या हाताच्या रजिस्टरातून दगडू-धोंडू पण गेले. १९७१ ला देशात हजार बाळं जन्मली तर त्यातली १२९ वर्षाच्या आत जायची. २०२० ला महाराष्ट्रात तो आकडा १६ वर आला. मध्ये काय झालं, तर लसीकरण झालं, दवाखान्यात बाळंतपणं व्हायला लागली, ओआरएसची पुडी आली, गडचिरोलीत बंग डॉक्टर नवरा-बायकोंनी गावातल्याच बायांना नवजात बाळ सांभाळायला शिकवलं आणि मग तेच देशभर आशाताईंच्या हातात आलं. तुझ्या नावाचं दुकान कुणी बंद केलं असेल तर ते सुईवाल्या सिस्टरने. आता कुणी ठेवतं का म्हणशील तर जवळजवळ नाहीच, आणि ते नाही याचा मला आनंद आहे, खरं सांगते, गरज पडत नाही म्हणून ठेवत नाहीत.

आता एक फरक सांगते तो नीट ऐक कारण तुझ्या रागाचं उत्तर मला वाटतं तिथे आहे. आमच्याच रजिस्टरात दुसरी एक जात होती नावांची. नकुशी. नकोशी झालेली. तिसरी-चौथी मुलगी झाली की आजी यायची आणि कानात नाही, चांगलं मोठ्याने सांगायची, नकुशा लिहा. २०११ च्या ऑक्टोबरात साताऱ्यात सरकारी कार्यक्रम घेऊन अशा २८५ मुलींना नवी नावं दिली, काहींनी नट्यांची घेतली, काहींनी देवीची, पेपरात फोटो आले होते, हातात सर्टिफिकेट धरलेल्या मुलींच्या रांगेचे. दुरून बघितलं तर नकुशी आणि धोंडू सारखेच वाटतात ना, दोन्ही अपमानाचीच नावं. पण नकुशीच्या नावात जे लिहिलंय ते घरच्यांना खरंच म्हणायचं होतं. धोंडूच्या नावात जे लिहिलंय ते धादांत खोटं आहे, आणि खोटं होतं हे ज्याला माहीत होतं तो माणूस ताटात हात धुऊन उठून गेला.

तू काय ऐकवलंस त्यांना, विचार कर. तू म्हणालास पाहुणे हसतील. त्यांना काय ऐकू आलं असेल? ज्या दोघांची नावं आता घरात कुणी घेत नाही, कदाचित ठेवलीच नसतील, बारशापर्यंत पोचलीच नसतील, ते दोघं. तुझ्या गावाकडचा माणूस हे तोंडाने सांगणार नाही. २८ वर्षं नाही सांगितलं तर आता लग्नघाईत सांगेल होय. आईने पण एका वाक्यात उरकलं बघ.

म्हणजे नाव ठेवच असं मी म्हणते का? नाही, थांब. त्या १९८७ च्या दगडूची गोष्ट अजून संपली नाही.

२००६ ला, मी नोकरी सोडली त्या वर्षी, एक मुलगा आला टेबलाशी, १९ वर्षांचा, केसाला जेल बिल लावून, जन्माच्या दाखल्यावरचं नाव बदलून दिग्विजय करायचंय म्हणाला. मी रजिस्टर काढलं, पान उघडलं, माझंच अक्षर. बाहेर बाकड्यावर त्याची आई बसली होती, मी तिला ओळखलं, तिने मला नाही. मी मुलाला समजावून सांगितलं की बाबा नाव बदलायचं तर आधी गॅझेट करावं लागतं, आणि तो फॉर्मची चौकशी करायला खाली गेला तेव्हा मी बाहेर येऊन तिला विचारलं, वाईट नाही का वाटत, नाव टाकतोय पोरगा. तर ती हसली. म्हणाली, "आता जगलाय न्हवं. आता काय बी ठिवू दे."

मी तेव्हापासून कितीदा तरी हे वाक्य मनात घोळवलंय. तिच्या हिशेबात नाव हे टाक्यांसारखं होतं, जखम भरली की काढून टाकायचं. पण तुझे वडील तसे नसतील. काही माणसांना वाटतं धोका अजून टळला नाही, मुलगा २८ चा झाला, घोडा झाला तरी नाही, त्यांच्या मते ते नाव आहे म्हणून मुलगा आहे. तुला आणि मला माहितेय की तसं नसतं, पण ही वाद घालायची गोष्ट नाहीये. तेव्हा माझा पहिला सल्ला असा की पत्रिका, मामा, गॅझेट सगळं आठवडाभर बाजूला ठेव आणि एक शनिवार-रविवार गावी जा. वडिलांना प्रश्न विचारू नकोस, आईला विचार, चुलीपाशी बसून, त्या दोघांबद्दल. मुलगे होते का मुली, किती दिवसांचे, कुठल्या महिन्यात. नाव बदलायचा विषयच काढू नकोस. वडील आसपास कुठेतरी ऐकत असतीलच, आपल्या घरांत भिंतीला कान नसतात, ओसरीला असतात. आणि हो, आईला हे पण विचार की पाळण्यात दुसरं काही नाव ठेवलं होतं का. असली नावं ठेवणाऱ्या घरांत बऱ्याचदा कानात सांगितलेलं एक खरं नाव असायचं, राशीवरचं, आणि ते कुणाला सांगायचं नाही असा दंडक. तुझं तसं काही निघालं तर बाहेरून धीरज उसना आणायची गरजच नाही, तुझं तुझ्याकडेच आहे.

त्यानंतरही वाटलं बदलायचंय, तर बदल, खुशाल बदल. नाव तुझं आहे हे तुझं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. पण मग नीट बदल, कागदोपत्री. शासकीय मुद्रणालयाच्या साइटवर ऑनलाइन अर्ज होतो, राजपत्रात प्रसिद्ध झालं की ती प्रत जपून ठेवायची, मग आधार, पॅन, बँक, पासपोर्ट, पीएफ एकामागून एक. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं हे लक्षात ठेव, म्हणजे उगाच आज धीरज उद्या ध्रुव असं करत बसू नकोस. पीएफचं तर आधी बघ, आधार आणि पीएफचं नाव जुळलं नाही की पैसे काढताना रडवतात. दहावीच्या आणि डिग्रीच्या कागदांवर जुनंच नाव धरून चाल, म्हणजे जन्मभर गॅझेटची प्रत सोबत जोडत राहायची. हे सगळं स्वतःसाठी करणार असशील तर त्रास वाटणार नाही, मामांसाठी करणार असशील तर पहिल्याच रांगेत मामांचा राग यायला लागेल.

ऑफिसात मात्र मला एक कळत नाही, डी. आर. काय, डॉन काय. क्लायंटला धोंडी म्हणता येत नाही असं नाही, त्यांना कुणी सांगितलंच नाही. पहिल्या मीटिंगला स्वतः स्पष्ट म्हण, धोंडी, दोन अक्षरं आहेत. याच्या दुप्पट लांबीची पोलिश आणि तेलुगू नावं ते लोक रोज म्हणतात.

आता मामांकडे येऊ. पत्रिकेवर परस्पर धीरज छापणं हा मला सगळ्यात वाईट मार्ग वाटतो, आणि भावनेचं सोड, साधं कारण आहे. लग्नाची नोंदणी करायला जाशील तेव्हा नमुना ड, म्हणजे नोंदणीचा फॉर्म, त्यासोबत लग्नपत्रिका पण जोडायला सांगतात. आधारवर धोंडीराम आणि पत्रिकेवर धीरज, म्हणजे खिडकीमागची माझ्यासारखीच कुणीतरी चष्म्यावरून बघत विचारणार, हे लग्न नक्की कुणाचं झालं? मग प्रतिज्ञापत्र, मग परत खेप. मी स्वतः लोकांना अशा खेपा घालायला लावल्यात, आता कबूल करते.

आणि एक गोष्ट तुझ्या अख्ख्या पत्रात नाही, ती मला सारखी खुपतेय. मामा काय म्हणाले ते आहे, पाहुणे काय म्हणतील ते आहे, क्लायंट आहे. जिच्याशी लग्न करतोयस ती काय म्हणते? ती तुला हाक काय मारते? तिला धोंडीराम नकोय, का फक्त मामांना नकोय, हे तू तिला सरळ विचारलंस का? विचार, आणि विचारताना हे पण लक्षात असू दे की चार महिन्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीने तिचं नवं नाव लिहायला तुलाच बसवतील आणि तेव्हा कुणी ताटावरून उठून जाणार नाही. धोंडो कर्व्यांनी १८९३ ला विधवा गोदूबाईंशी लग्न केलं, केवढं धाडस त्या काळात, गावाने वाळीत टाकलं, पण लग्नानंतर गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या आणि धोंडो धोंडोच राहिले. नाव बदलणं म्हणजे काय असतं याचं थोडं ज्ञान तुला आता झालंच आहे तर तिला त्या ताटापर्यंत नेण्याआधी विचारून घे की तुझं नाव तुला ठेवायचंय का.

माझं मत विचारशील तर मी ठेवलं असतं. पण माझं नाव सुनीता आहे, वर्गात चार सुनीता होत्या, मला कुणी कधी हसलं नाही, तेव्हा माझ्या मताला किती भाव द्यायचा ते तू ठरव.

तोवर पत्रिकेचं काम अडतंय तर असं कर. धीरज नाही, कंसात उर्फ नाही, काही नाही. चि. धोंडीराम, आणि पुढे आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. वडिलांना मजकूर वाचून दाखवू नकोस, कागद त्यांच्या हातात दे आणि म्हण, बघा काही चुकलंय का, आणि तिथून निघून ये, म्हशीला पाणी दाखवायला जा, काही पण कर. त्यांचं झालं की छापखान्यात प्रूफ स्वतः तपास. धों वरचा अनुस्वार हमखास गळतो, माझ्या रजिस्टरात पण गळायचा, आणि मग नुसता धोडीराम उरतो, तो कोण ते सटवाईला पण कळायचं नाही.